फ्राउ ब्रेमरच्या घरी आलेली फ्रेंच पत्रं

आखन, जर्मनी, ८ मे १९५४, शनिवार
इंडोचायनातल्या दरीतलं फ्रेंचांचं ठाणं, दिएन बिएन फू, पडलं. मेन्झात, विद्यापीठाच्या खानावळीत, माझ्यासारखाच इथे शिकायला आलेला देशपांडे लांबूनच ओरडत आला. "दामल्या, घेतलं रे त्यांनी! विमानं, तोफा, सगळं असून फ्रेंचांनी हात वर केले. भातशेती करणाऱ्यांपुढे!" दोघांनी केक खाल्ला. खरंच आनंद झाला. किती वर्षांचं काहीतरी फिटल्यासारखं.
घरी आलो तर फ्राउ ब्रेमर रेडिओसमोर, कोटसुद्धा न काढता. दोन वर्षं या बाईंच्या माडीवर भाड्यानं राहतोय. माहीत एवढंच, की नवरा रशियात गेला आणि मुलगा 'बाहेर' असतो. बाहेर म्हणजे कुठे ते आज कळलं. हाइन्त्स, वय चोवीस. १९५१ साली फ्रेंचांच्या परदेशी पलटणीत, लीजनमध्ये, पाच वर्षांचा करार करून गेला. तोही त्याच दरीत होता.
केकची चव अजून तोंडात.

२१ मे
फ्रेंच सैन्याचं पत्र. कॉलेजात मार्कांसाठी घेतलेलं फ्रेंच असं कामाला येईल असं वाटलं नव्हतं. 'बेपत्ता.' बाईंनी विचारलं, "या शब्दात मेलेला धरतात का?" म्हटलं, शब्दात तरी नाही.
देशपांडेला सांगितलं नाही. का, माहीत नाही.

२ सप्टेंबर
जिवंत!! कैदेतून सुटला, इस्पितळात आहे. फ्रा. ब्रे.नी मला मिठी मारली, मग लाजल्या, आणि बटाटे सोलायला बसल्या. सोलतच राहिल्या. आठ माणसं जेवली असती.

२४ ऑक्टो., रविवार
हाइन्त्स (हा.) आला. जानेवारीपर्यंत रजा. अंगावरचा कोट खुंटीवर लटकवल्यासारखा. आईशी हो-नाही एवढंच. माझ्याशी बोलतो. मी यातल्या कुठल्याच बाजूचा नाही म्हणून असेल.

३१ ऑक्टो.
दोघं जंगलात फिरायला गेलो. ओली पानं, चिखल. आमचे प्रोफेसर परवा लॅबमध्ये म्हणाले होते, फ्रेंचांना पोलाद कमी पडलं, अमेरिकन असते तर निकाल वेगळा लागला असता. हे सांगितलं तर हा. हसला.
"पोलाद भरपूर होतं. विमानातून टाकायचे, अर्धं पलीकडे उतरायचं. आमचेच गोळे आमच्यावर. अधिकारी म्हणायचे, त्या डोंगरांवर तोफा चढूच शकत नाहीत. त्यांनी दोर लावून, माणसांनी ओढून चढवल्या. तांदूळ सायकलींवरून आणला. चालवत नव्हते, बांबू बांधून ढकलत आणायचे. रस्ता आम्ही बाँबनं तोडायचो, ते तो पुन्हा करायचे."
मग म्हणाला, "वर आकाश आमचं. खाली हातभर जागा आमची. बाकी सगळं त्यांचंच होतं. पहिल्यापासून."
मी केकचं सांगून टाकलं. त्यानं बुटाचा चिखल एका मुळावर घासला. "तुझ्या देशात इंग्रज होते ना? मग मीही खाल्ला असता."

४ नोव्हें.
फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जीरियात स्फोट, गोळीबार. पेपर म्हणतो, लवकरच आटोक्यात येईल. हा.नं बातमी दोनदा वाचली. "इंडोचायनातही हेच म्हणायचे. आता आम्हाला तिकडे पाठवणार."

२२ नोव्हें.
इकडे काम कुठे, तर कोळशाच्या खाणीत. आज हा.चा पहिला दिवस. दुपारच्या आतच घरी. चेहरा पांढरा. आई शेजारी गेल्यावर बोलला. टेकडीवर असताना शत्रू खालून भुयार खणत होता. जमिनीला कान लावून ऐकायचे. "खणणं ऐकू येतं तोवर ठीक. थांबलं की समजायचं, खाली सुरुंग भरून झाला." खाणीत उद्या जाणार नाही म्हणाला. परवाही नाही.

१४ डिसें.
पुन्हा फ्रेंच सैन्याचं पत्र. हा. आर्बाइट्सआम्टला, रोजगार कचेरीत, काम विचारायला गेलेला. पत्रात होतं, १० जानेवारीला मार्सेय बंदरात हजर व्हावं, तिथून अल्जीरिया.
फ्रा. ब्रे.नी माझा हात धरला. "दामले, त्याला रजा वाढवलीय म्हणून सांगा. कृपा करा."
म्हटलं, बाई, हजर झाला नाही तर तो पळपुटा ठरेल, फ्रान्समध्ये पाय ठेवला की पकडतील.
"नको ठेवू दे पाय. नवरा दिला. एक युद्ध पुरे झालं मला."
जेवताना सांगितलं. ताटाकडे बघत. रजा वाढलीय, एप्रिलपर्यंत. हा. म्हणाला, "बरं झालं." आईनं त्याला आणखी वाढलं.
आयुष्यात इतकं सहज खोटं कधी बोललो नव्हतो.

१५ डिसें.
जिन्यात हा.नं गाठलं. "बोलता येतं तेवढंच फ्रेंच मला येतं. पण टेबलावरच्या पत्रातली तारीख वाचता येते, दामले."
माफी मागितली.
"नको. मी वाचलंय हे आईला कळू देऊ नकोस. ख्रिसमस तरी नीट होऊ दे तिचा."

२६ डिसें.
नीट झाला. बदक भाजलं होतं. माझ्यासाठी वेगळी कोबीची भाजी. बाई गुणगुणत होत्या. तिघंही जेवलो, एकमेकांना फसवत.

८ जाने. १९५५, शनिवार
हा. गेला. आईला सांगितलं, रूरमधल्या कारखान्यात काम बघतो. स्टेशनवर मी एकटाच होतो. विचारलं, खरं काय?
"कोलोनला गाडी बदलायची. एक रूरकडे, एक स्ट्रासबुर्गकडे, फ्रान्सला. इथे मला खाणीशिवाय कोणी विचारत नाही. तिकडे मला येतं ते काम आहे. पण तेही काय, पुन्हा परक्याच्या डोंगरात जाऊन बसायचं, आणि तो डोंगर कधी आपला होत नाही. हे तिथल्या कुठल्याच अधिकाऱ्याला कळत नाही." मग खांदे उडवले. "कोलोनला ठरवीन."
अडवायला हवं होतं? हात दाबला फक्त. गाडी गेल्यावर सुचलं, निदान पत्ता तरी...

१९ जाने.
रूरहून पत्र नाही. लॅबमध्ये आज पोलादाचे दोन नमुने चुकीच्या ताणावर तोडले. प्रोफेसर रागावले. लक्ष नाही.

२ फेब्रु.
फ्रेंच पत्र. बाई खुर्चीवर बसल्या, हात मांडीवर. "या वेळी लिहिलंय तेच वाचा."
वाचलं. हाइन्त्स ब्रेमर नेमल्या तारखेला हजर झालेला नाही. ठावठिकाणा माहीत असल्यास कळवावा.
बाई उठल्या. हसल्या, मोठ्यानं. "गेला नाही! तिकडे गेला नाही माझा मुलगा!" मला राहवलं नाही, सगळं सांगितलं. तारीख त्यानं वाचली होती ते, कोलोनचं. ऐकता ऐकता हसू ओसरलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. त्याला जाऊन पंचवीस दिवस.
"मग आहे कुठे तो, दामले?"
फ्रेंचांना उत्तर लिहायला कागद घेतला. वर तारीख घातली. संध्याकाळ झाली तरी खाली एक ओळ सुचलेली नाही. बाई समोरच बसून आहेत.