पडवीतला चरखा

चि. केरूस दादाचे आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? मैनाचा खोकला थांबला का? गाय व्याली का? माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे वाशीत नीट झालं, घोर नको.

एक चूक मात्र झाली रे. गावची पोरं तिकडे घरी होळीला लाकडं मागायला आली, तेव्हा मीच फोनवर म्हटलं, "पडवीतली सगळी न्या." आप्पांचा चरखा त्याच ढिगात होता! त्यावरच्या सुताचा सदरा घालून आप्पा बेचाळीसला तुरुंगात गेले. पोलीस आले तेव्हा आईने चरखा लाकडांत लपवला, तो तिथेच राहिला.

होळीला दिलेलं परत मागू नये. फोनवर विचारायचा धीर होत नाही. पडवीत नसेल, तर होळीच्या राखेत त्याची लोखंडी चाती, सूत कातायची ती बारीक सळई, शोध. ती जळायची नाही.

सापडो न सापडो, लगेच लिही.

तुझा दादा