अठ्ठेचाळिसावं पान

बुधवार, १४ मे

छपाईची फिल्म संपली. सोहाग शहरातल्या प्लेटवाल्याने फोनवर सांगितलं — आता येणारही नाही, पानं जुळवलेली फाइल पाठवा, प्लेट काढून देतो.

सव्वीस वर्षं मी काचेच्या टेबलावर फिल्म चिकटवून पानं जुळवली. तावाच्या पुढे चार, मागे चार, काही सुलटी, काही उलटी. ताव दुमडला की ओळीने लागतात. आता हे संगणकाने करायचं, आणि कोणत्या प्रोग्रामने, ते मी ठरवायचं.

छापखान्यात मी सगळ्यांचा उस्ता, म्हणजे मुख्य कारागीर. मालक मुतवल्ली म्हणाले, "उस्ता, प्रोग्राम निवडायचाय, सून नाही. आटप लवकर."

काम हजच्या पुस्तिकेचं. अठ्ठेचाळीस पानं, तीनशे प्रती. २५ तारखेला पहाटे आमच्या तहता गावाहून यात्रेकरूंची बस सुटते. त्यात माझी राईफाताई आहे. अकरा वर्षांनी सोडतीत तिचं नाव लागलं. ती अक्षर अक्षर जोडून वाचते. मशिदीतल्या शेख बदवींनी पुस्तिका अशांसाठीच रचली — उजव्या पानावर विधीचं चित्र, समोर डाव्या पानावर त्याची दुआ. ताई म्हणते, "दुआ मला येतात रे. कुठली कुठे म्हणायची, ते तुझ्या पुस्तकावर."

तेव्हापासून झोप नीट नाही.

गुरुवार, १५ मे

संगणकावर बसणारी इबतिसाम आणि मी, दिवसभर तीन प्रोग्रामांचा विचार केला.

पहिला विकतचा. नुसता वापरून बघायचा तर प्रत्येक पानावर आडवी-तिडवी जाड फुली मारतो. कुराणाच्या आयतीवर फुली! बंद करायला लावला. विकत घ्यायचा तर आमचं कार्ड परदेशी चालत नाही.

दुसरा माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. माझ्या मुलाने चार वर्षांपूर्वी आणलेली प्रोग्रामची चकती. चोरून केलेली नक्कल. आमचं अरबी, उजवीकडून उघडणारं पुस्तक त्याला बरोबर समजतं. इबतिसाम म्हणाली, "अर्धी तहता ह्याच्यावर छापते, उस्ता."

"छापू दे."

"हजला जाणाऱ्यांचंच काम आहे ना? पुण्यच लागेल."

मी तिला पुढचा प्रोग्राम उघडायला लावला. ह्याच चकतीवरून मी त्याला दुकानातून काढलं. घरातून तो आपण होऊन गेला. त्याचं नाव घरात निघत नाही, इथेही लिहीत नाही. तो कुठे आहे ते फक्त ताईला ठाऊक, आणि मी विचारलेलं नाही.

तिसरा फुकटचा, कोणी भल्या माणसांनी करून वाटलेला. पण त्याला डावीकडून उघडणारंच पुस्तक ठाऊक.

रविवार, १८ मे

इबतिसामने वाट काढली. पानं उलट्या क्रमाने द्यायची — शेवटचं आधी, पहिलं शेवटी.

चाचणीला मजकूर घेऊ दिला नाही. आयत असलेला ताव कचऱ्यात कसा टाकणार? नुसते आकडे छापले. सहा ताव दुमडले, एकात एक घातले. एक ते अठ्ठेचाळीस, सगळे जागच्या जागी. तिसरा प्रोग्राम ठरला. अल्लाचे आभार.

मंगळवार, २० मे

शेख बदवींनी शेवटचं पान काढायला लावलं. त्यावर खासदाराचा फोटो आणि शुभेच्छा होत्या. "माणसं काबा बघायला निघालीत. शेवटी ह्याचं थोबाड कशाला?" म्हणाले.

सत्तेचाळीस पानांची फाइल सोहागला गेली.

गुरुवार, २२ मे

प्लेट आल्या. मालकांनी घाई केली. सगळे ताव छापून झाले. मी टोकलं नाही — चाचणी झालेलीच होती.

शुक्रवार, २३ मे

नमाजाआधी एक पुस्तिका दुमडून पाहिली. पहिलं पान कोरं. पुढे सगळं एकेका पानाने सरकलेलं. काबाच्या फेऱ्यांची दुआ सफा-मरवा टेकड्यांच्या चित्रासमोर!

मालक म्हणाले, "कोण बघतं? टाचा आणि वाटा."

"माझी बहीण बघते."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "उद्या रात्रीपर्यंत काय ते कर."

का चुकलं तेच कळेना. आकडे तर बरोबर आले होते! इबतिसाम हळूच म्हणाली, "ड्रॉवर उघडा, उस्ता. तो प्रोग्राम चुकणार नाही. राईफाताईंसाठी तरी."

उघडला. चार वर्षांनी. पाकिटावर पेन्सिलने त्याचं बारीक अक्षर —

बाबा, आधी पानं मोजा. आठाने भाग जायला हवा. कमी पडलं तर कोरं पान स्वतः घाला. यंत्राला घालू देऊ नका, ते शेवटी घालतं.

शेवटी. आणि आम्ही पानं उलटी दिलेली, म्हणजे शेवट तोच सुरुवात. चाचणीत अठ्ठेचाळीस होती, म्हणून काही दिसलं नाही. खासदाराचं पान गेल्यावर सत्तेचाळीस उरली, तेव्हा पुन्हा चाचणी घ्यायला हवी होती.

चकती बाहेर काढली नाही. कोरं पान आमच्या हाताने घातलं, त्याच फुकटच्या प्रोग्राममध्ये. प्लेटवाला उद्या सकाळी सातला उघडतो म्हणाला.

चुकलेले अठराशे ताव कापडात बांधून ठेवलेत. मशिदीमागे जमिनीत पुरायला लागतील. ते माझ्या माथी.

शनिवार, २४ मे

दुपारी प्लेट, संध्याकाळी टाचण. प्रत्येक पुस्तिका मी स्वतः उघडून पाहिली. चित्रासमोर त्याचीच दुआ.

ताईकडे गेलो. ती उन्हात कणीक फुगवून भाजलेल्या भाकरी फडक्यात बांधत होती. हात पुसून एकेक पान बोटाने उलटलं. शेवटच्या कोऱ्या पानावर थांबली.

"इथे छापायचं राहिलं का रे?"

"नाही ताई. खासदाराची जागा होती."

हसली. "बरंच झालं. अराफातच्या मैदानावर कुणाकुणासाठी मागायचं, ती नावं लिही इथे. माझं अक्षर फरिश्त्यांनाही लागायचं नाही. मी सांगते, तू लिही."

रविवार, २५ मे

बस गेली. पानावर चौदा नावं आहेत. तेरा ताईने सांगितली. सर्वांत वरचं तिने तोंड उघडायच्या आधीच मी लिहिलं होतं.

माहिर.