एदुविना ओरडली

मेउलिन बेट, ४ मे १९९७

ति. एदुविनाताईस सुनिल्दाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पार्सल बोटीने पोचलं. मोजे आईला, साबण मला आणि तो पांढरा डबा घराला. धूर झाला की ओरडणारा अलार्म लाकडी घरात असलाच पाहिजे, असं तू चिठ्ठीत बजावलं आहेस. रोसामेल मास्तरांनी स्टुलावर चढून तो छताला बसवून दिला, बरोब्बर चुलीच्या डोक्यावर.

ताई, इथे चूल दिवसभर पेटलेली असते हे तू विसरलीस की काय? मी मिल्काओ तळायला घेतले की बटाट्याची पहिली वडी लाल व्हायच्या आत तुझा डबा किंचाळतो. तेवढ्यात मी विहिरीवर गेलेली असो की डुकरांपाशी, ओल्या हातांनी धावत येते, फडक्याने वारा घालते आणि मनात येईल ते बोलते. मांजर कपाटाखाली दडी मारतं. आणि आपल्या मातोश्री खुर्चीत बसून हसतात. म्हणतात, बघ, एदुविनाला तिकडे वास लागला, तिचा वाटा मागतेय! आता बेटावर जो तो मला विचारतो, आज एदुविना ओरडली का?

मी चार हाका मारल्या तरी आई मान वर करत नाही. तुझ्या डब्याने एक हाक मारली की तिचा चेहरा फुलतो. अठरा वर्षं मी तिच्यापाशी आहे. एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नाही.

मोजे बाकी उबदार आहेत. लोभ असू दे, पार्सलापुरता का होईना.

तुझी
सुनिल्दा


पुंता अरेनास, १ जून १९९७

चि. सुनिल्दा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी खूप हसले, मग हसू मावळलं. आमच्या हॉटेलात काम करणाऱ्या बायकांना एकेक अलार्म मिळाला. माझ्या खोलीसाठी मिळालेला मी तुम्हाला पाठवला, तर तुला तो डोळ्यांत खुपतो. मी इथे दुसऱ्यांच्या चादरी बदलते, राणीसारखी लोळत नाही. तू रोज सकाळी आईशेजारी बसून एकाच नळीने येर्बाचा कडू चहा ओढतेस, तिचे केस विंचरतेस. मला तुझा हेवा वाटतो, उघड लिहून टाकते. माझ्या वाट्याला आईचा फक्त फोटो आहे, आणि त्यातही ती तुझ्याकडे बघतेय.

आता नीट वाच. तो डबा चुलीवरून काढून आईच्या खोलीच्या दारापाशी लाव, म्हणजे तळणीच्या धुराने ओरडणार नाही. दर रविवारी जपमाळ झाली की त्याचं बटण दाबून आवाज येतो का बघ. सेलला हात लावू नकोस. आणि ओली लाकडं वाळवायला चुलीवर रचायची तुझी सवय सोड. धुराड्यात काजळी धरते ती निराळीच.

आईला माझा नमस्कार. माझ्यावर रागव, पण पत्र चुकवू नकोस.

तुझी ताई
एदुविना


मेउलिन, २९ जून १९९७

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

आज सान पेद्रोचा सण. होड्यांना कागदी फुलं लावून मिरवणूक निघाली, आईला मी हात धरून धक्क्यापर्यंत नेलं. तिथेही तिने ज्याला त्याला तुझ्या मोज्यांचं पुराण ऐकवलं. पाय मात्र मी चोळून दिले होते.

तुझा डबा आता अगदी शहाण्यासारखा वागतो. मिल्काओ झाले, मासे भाजून झाले, चकार शब्द नाही. त्यामुळे जागा बदलायची गरज पडली नाही. आई दोनदा म्हणाली की एदुविना हल्ली बोलत नाही, आजारी तर नाही? मी म्हटलं, शहरातली बाई, तिला कुठला वेळ! बटणाचं म्हणशील तर रविवारी फार कामं असतात.

इकडची काळजी नसावी. तिकडची आम्ही करतोच.

सुनिल्दा


पुंता अरेनास, १७ जुलै १९९७

चि. सुनिल्दास आशीर्वाद.

तुझ्या पत्रात गोडवा जास्त झाला की मला शंका येते. लहानपणी माझी रिबीन चोरलीस तेव्हाही तू अशीच गोड बोलत होतीस. एकच विचारते. बटण दाबलंस का? हो किंवा नाही, एवढंच कळव. बाकीचं तोंडसुख मागाहून.

एदुविना


मेउलिन, ११ ऑगस्ट १९९७

ति. ताईस सा. न.

आई सुखरूप आहे. हे आधी लिहिलं, आता बाकीचं.

मंगळवारी दुपारी मोठी ओहोटी होती. त्या दिवशी तळण नव्हतं, नुसते उकडलेले बटाटे. जेवण झाल्यावर आई आतल्या खोलीत आडवी झाली. मी ओली लाकडं चुलीवर आणि चुलीभोवती रचली आणि तिसऱ्यांचे शिंपले काढायला खाली किनाऱ्यावर गेले. हो, रचली. तू नको म्हणाली होतीस म्हणून जरा जास्तच रचली.

टोपली निम्मी भरली आणि वरून तुझा डबा किंचाळायला लागला. ताई, मी सेल काढून टाकला होता. सान पेद्रोच्या आधी दोन आठवडे. रोजची ती एदुविना-एदुविना मला ऐकवेना, म्हणून सेल काढून पिठाच्या डब्यात खुपसला होता. मग तो ओरडेल कसा? खरं सांगते, मला आधी भीती वाटलीच नाही, संताप आला. वाटलं, हिचा गळा मी दाबला, तरी ही परत बोलतेच आहे! दगड उचलला आणि तो डबा फोडायचा म्हणून चढण धावत चढले.

दारातून बघते तो चुलीमागची भिंत पेटलेली, धुराडं लाल झालेलं आणि धूर आईच्या खोलीत शिरत होता. दगड टाकला. आईला पाठुंगळी घेतलं आणि पुढच्या दाराने बाहेर आणलं. माझे हात भाजलेत, पण लिहिता येतं. शेजाऱ्यांनी समुद्राच्या पाण्याच्या बादल्या ओतून दोन खोल्या वाचवल्या. स्वयंपाकघर गेलं. डबा वितळून चुलीवर पडला, पण तोवर ओरडत होता.

सेल आईनेच परत घालून घेतला होता, मास्तरांकडून. मला कळू न देता. तुझ्या आवाजाविना तिला करमेना. आता भेटायला येईल त्याला आई सांगते की एदुविनाने वाचवलं. पाठीवर घेतलं मी, आणि वाचवलं तू. हात होरपळलेत, तरी त्याहून हेच जास्त झोंबतं. एवढं सगळं होऊनही मला तुझा हेवाच वाटतो, याची लाजही वाटते.

काय शिक्षा द्यायची ती दे.

सुनिल्दा


पुंता अरेनास, २८ ऑगस्ट १९९७

सुनिल्दा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आईने सेल परत घातला नसता तर तू मला आज काय लिहून पाठवलं असतंस? रिबीन चोरलीस तेव्हा मी गप्प बसले. या वेळी बसणार नाही.

आईला माझा आवाज हवा होता, हे तूच लिहिलं आहेस. मग तिला तो मिळू दे. नाताळच्या आधीच्या बोटीने मी येते आणि तिला माझ्याकडे घेऊन जाते. अठरा वर्षं तुझी झाली, आता माझी पाळी. तिचे कपडे काढून ठेव.

हाताला मलम लाव. माया आटली नाही, पण सध्या दाखवणार नाही.

एदुविना


मेउलिन, १४ सप्टेंबर १९९७

माझी लेक एदुविना हिला आईचे आशीर्वाद. मला लिहिता येत नाही, मी सांगते आहे आणि रोसामेल मास्तर लिहीत आहेत. सुनिल्दाला समोर बसवलं आहे. तुझं पत्र आल्यापासून ती माझ्या कपड्यांच्या घड्या घालते आणि परत उलगडते, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

बाई गं, तुझा तो डबा मी एकदाही ऐकलेला नाही. माझे कान गेलेत. जाड आवाज थोडेफार कळतात, बारीक काहीच नाही. तुम्हा दोघींना हे सांगितलं नाही, कारण मग माझ्याशी बोलताना तुम्ही वेड्याशी बोलल्यासारखं बोलला असता. सुनिल्दाच्या हाका मी ऐकत नाही असं तिला वाटतं. ऐकत नाही ते खरंच आहे.

मग एदुविना ओरडली हे मला कसं कळायचं? मांजर कपाटाखाली पळायचं आणि दोन श्वासांत सुनिल्दा दारात यायची. केस विस्कटलेले, हातात फडकं, तोंड चालू. ते बघून मला हसू यायचं. मग ती आलीच आहे म्हणून घडीभर बसायची, माझ्याबरोबर येर्बा प्यायची. तुझं नाव घेतलं की तिचं नाक फुगतं, म्हणून मुद्दाम घ्यायची मी. तुम्हाला चिडवायची माझी जुनी खोड. एदुविनाने वाचवलं, हेही त्याच खोडीपायी म्हणत सुटले. या वेळी ती अंगाशी आली, दोघींची माफी मागते.

मग एकाएकी ती धावत यायची बंद झाली. कामात बुडालेली असायची, मी खुर्चीत एकटी. एक दिवस पिठात हात घातला तर सेल हाताला लागला. सहा वर्षांची असल्यापासून ती चोरलेलं सगळं पिठातच लपवते, रिबीनसुद्धा. मी मास्तरांना बोलावून सेल परत बसवून घेतला. (इथे मी, मास्तर, माझ्या पदरचं सांगतो, की आग लागण्याच्या आदल्याच दिवशी संध्याकाळी बसवला आणि स्टूल फार डगमगत होतं.)

तुझ्या आवाजासाठी बसवला नाही, एदुविना. तो मला ऐकूच येत नाही. सुनिल्दा धावत यावी म्हणून बसवला. आणि ती आली. हातात दगड घेऊन आली, पण आली. डबा नसता तर तिला कळलं नसतं, आणि ती नसती तर डबा नुसता भिंतींना ओरडून वितळला असता. यात कुणाचा वाटा मोठा, हे तुम्ही भांडून ठरवा.

मी कुठेही येणार नाही. शनिवारी सगळं बेट जमून नवीन स्वयंपाकघर उभं करणार आहे. त्यांच्यासाठी सुनिल्दा मिल्काओ करणार, भाजल्या हातांनी. तू दोन डबे पाठव. एक माझ्या खोलीच्या दारापाशी लावू, दुसरा धुराड्यापासून लांब. बटण सुनिल्दा दर रविवारी दाबेल. तसं तिने आत्ताच मान हलवून कबूल केलं आहे, रडते आहे ते वेगळं.

पण आधी एक तुझ्या खोलीत लाव. तुझा होता तो तू आम्हाला पाठवलास, हे सुनिल्दाने मला आज तुझं जुनं पत्र मोठ्याने ओरडून वाचून दाखवलं तेव्हा कळलं. तिलाही ते आजच कळल्यासारखं दिसलं.

आणि एक विचारते, त्याचं उत्तर पहिल्या बोटीने पाठव. तो तिकडे ओरडला तर तुझ्याकडे धावत येणारं कुणी आहे का? नसेल तर नाताळला ये, पण मला न्यायला नको, राहायला ये. दोघी एकमेकींवर जळा, पण एका घरात जळा, म्हणजे माझी नजर राहील.

दोघींवर सारखाच जीव असलेली,
तुमची आई
(सहीऐवजी अंगठा. त्याला पीठ लागलेलं आहे.)