खापरपणजोबांची कॅप्टनकी

वॉलनट फोर्क, व्हर्जिनिया
१४ ऑक्टोबर १९७८

तीर्थस्वरूप इमोजीन आत्यास,

व्हर्लिनचा वाकून नमस्कार (गुडघा परवानगी देतो तेवढाच वाकून). तुमच्या खुब्याचं दुखणं कसं आहे? ओहायोत थंडी सुरू झाली असेल, तेव्हा हे पत्र शेकोटीजवळ बसून, पोटात काही हलकं घालून मगच वाचावं. आम्ही इकडे खुशाल आहोत. डाव्या पोटरीला आठ टाके आहेत, पण त्याचं पुढे येईलच.

‘तू निवृत्त, म्हणजे रिकामाच,’ असं म्हणून तुम्ही मला कॅप्टन अँब्रोज स्ट्रोथर यांची कागदपत्रं आणि थडगं शोधायला धाडलंत. इथे इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा त्यांनी राजाच्या पलटणीत राहून सात माणसांनिशी तीन दिवस गढी लढवली, मग इथलं रान तोडून शेत उभं केलं, हे तुम्ही चर्चच्या महिला मंडळात चाळीस वर्षं सांगत आला आहात. तेव्हा मी मोठ्या उमेदीने जिल्हा कचेरीत गेलो. तिथलं दफ्तर मिस ल्यूडी ग्रिग्जबी सांभाळतात. (वय सत्तरच्या पुढे, हातात पेन दिसलं तर काढून घेतात आणि पेन्सिल देतात, तीही टोक नसलेली.) मी कॅप्टनचं नाव सांगितलं, तर बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “दर आठवड्याला कुणीतरी कॅप्टनच शोधत येतं. इतके कॅप्टन होते, तर मग लढलं कोण?”

आत्या, आपले लढले. पण थोडंच. पलटणीच्या हजेरीपटात अँब्रोज स्ट्रोथर हे साधे शिपाई आहेत, त्यांच्याकडे सामान वाहणारी घोडी सांभाळायचं काम होतं, आणि नावापुढे दोनदा ‘फरार’ असं लिहिलंय. मी तो शब्द चार वेळा वाचला. (पेन्सिलीने तो उतरवून घ्यायचं धाडस मात्र झालं नाही.) माझा चेहरा बघून मिस ल्यूडींनी आतून एक बासन आणून दिलं. अँब्रोज वारल्यावर शेजाऱ्याने आपल्या घराण्याच्या जमिनीवर दावा लावला होता, त्या खटल्यात त्यांच्या विधवेची, म्हणजे केझाया आजींची, साक्ष झाली होती. कारकुनाने ती शब्दन् शब्द उतरवून घेतली आहे, देव त्याचं भलं करो. आजी सांगतात की नवरा दोन्ही वेळा पळाला तो घरीच आला. पहिल्यांदा थोरला जन्मला तेव्हा, दुसऱ्यांदा तो मुलगा तापाने फणफणला तेव्हा. ताप उतरल्यावर तो आपल्या पायांनी पलटणीत परत गेला आणि पंचवीस फटके खाऊन आला. पाठीला चरबी लावताना एकदाही ओरडला नाही, असंही त्या सांगतात, विचारलेलं नसताना. मग वकिलाने विचारलं, हे रान तोडलं कुणी? त्यावर आजींचं उत्तर: “मी तोडलं. तो पलटणीत तरी होता, नाहीतर वाटेवर तरी.”

तेवढ्यावर निकाल आजींच्या बाजूने लागला. मी नाक पुसलं, तर मिस ल्यूडींनी रुमाल पुढे केला आणि कागदावर पाणी पडता कामा नये म्हणून बजावलं.

थडगी राहिली होती. आपली जुनी जमीन आता हार्ली डॉटसनची, आणि तिथे त्याचा वळू चरतो. हार्ली कुंपणापाशी उभा राहून म्हणाला की तो काही करत नाही, फक्त त्याला टोपी आवडत नाही. हे त्याने मी टोपीसकट शेताच्या मध्यावर पोचल्यावर सांगितलं. मी जवळच्या झाडावर चढलो. (सदुसष्टाव्या वर्षी, आत्या! पोटरी त्यातच फाटली.) पण तासभर तिथे बसलो म्हणूनच वरून दिसलं, की गवतात दोन खडबडीत धोंडे शेजारी शेजारी रोवलेत. वळू गेल्यावर उतरून पाहिलं, तर एकावर ‘अँ’ आणि दुसऱ्यावर ‘के’, कुणीतरी छिन्नीने ओबडधोबड खोदलेलं. जमिनीवरून ती थडगी मला जन्मात सापडली नसती.

आता तुमच्या महिला मंडळात काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर दोन लढाया सोडून दोनदा घरी आलेला माणूस मला त्या गढीवाल्यापेक्षा जवळचा वाटतो.

तुमचा आज्ञाधारक,
व्हर्लिन

ता. क. – लिहायचं होतं ते राहूनच गेलं. थडग्यावर लावायला तुम्ही पाठवलेला दगड येऊन पडलाय आणि त्यावर ‘कॅप्टन’ असं टपोऱ्या अक्षरांत कोरलेलं आहे. पाथरवट म्हणतो, ते पुसणं अशक्य. म्हणून मागच्या बाजूला मी केझाया आजींचं नाव आणि ‘मी तोडलं’ एवढंच कोरून घेतलं. रस्त्याकडे कोणती बाजू ठेवायची यावर आपल्या गोतावळ्यात सात विरुद्ध सात अशी मतं पडली आहेत. तुमचं मत निर्णायक आहे. उलट टपाली नुसतं ‘तो’ किंवा ‘ती’ एवढं कळवावं.

पुन्हा ता. क. – दगडाखालचं सिमेंट गुरुवारीच वाळलं. तुमचं मत मी ‘ती’ असं धरलं आहे.