आमटीतल्या तीन गोळ्या

चि. निकेत यास तुझ्या काळूराम भाऊजींचे आशीर्वाद. इकडे सगळे आपापल्या पायांवर उभे आहेत. हे आधीच लिहिलं, म्हणजे पुढचं वाचताना तू घाबरणार नाहीस. तुझी पाठदुखी कशी आहे?

तुझी ताई रक्तदाबाची गोळी घेत नाही, हे तुला ठाऊक आहेच. "मना काय झालंय? बरी हाय मी," एवढंच तिचं उत्तर. म्हणून गेल्या रविवारी मी (डोकं चालवून) चुकलेल्या तीन दिवसांच्या तीन गोळ्या कुटल्या आणि गुपचूप आमटीत टाकल्या. शेजारचा सदा जेवायला होता. त्यानं चार वाट्या ओरपल्या, हात धुवायला उठला आणि भिंत धरून खालीच बसला. माझ्याही डोळ्यांपुढे ओटी फिरली. (तुझा भाचा गणराज डाळ खात नाही, म्हणून वाचला.) ताई मात्र ठणठणीत. मला वाटलं, हिच्यावर गोळ्या चालतच नाहीत.

बुधवारी वाढताना तिच्या हातातली पळी गळून पडली आणि जीभ जड झाली. तासाभरात सावरली, पण निकेत, तो रिक्षातला तास मला लिहिता येणार नाही. अलिबागला दवाखान्यात मी सगळं कबूल केलं. डॉक्टरीणबाई आधी मला रागावल्या, मग त्यांनी समजावलं. गोळी न घेतल्यानं ताईचा दाब चढला होता. गोळी पोटातून रक्तात उतरते, रक्ताबरोबर अंगभर फिरते, आवळलेल्या नसा सैल करते. मग यकृत तिला मोडतं आणि ती लघवीवाटे निघून जाते. (खाराच्या शेतात बांधाच्या उघाडीतून, त्या झडपेतून, भरतीचं पाणी शिरतं आणि ओहोटीला ओसरतं, तसंच म्हण.) म्हणून ती रोज ठरल्या वेळी लागते, आणि चुकलेल्या एकदम घेऊन भरून निघत नाहीत. मग त्यांनी ताईला विचारलं, रविवारी आमटी किती खाल्ली?

"उरली तर खाते. पन उरते कुठं?"

कोरडा भात आणि सुकट खाऊन उठली होती ती. एकेचाळीस वर्षं मी तिच्या हातचं जेवलो, ती काय जेवते ते एकदाही पाहिलं नाही. मला फार लाज वाटली.

तुझा,
काळूराम

ता.क. आता ती गोळी घेते, पण सगळ्यांचं आटोपल्यावर. कधी दोनला, कधी चारला. रविवारी ये आणि तिला आपल्या पंगतीत बसव. धाकट्या भावाचं ती ऐकेल. वाढायला मी आहे.

ता.क. दुसरा. ताई बाहेर बाकावर असताना बाईंनी माझाही दाब मोजला. वाढलेला निघाला, गोळी लिहून दिली. आणली, ती सदऱ्याच्या खिशात पडून आहे. मी घेत नाही. मला काय झालंय? बरा आहे मी. ताईला कळवू नकोस. परवापासून माझी आमटी आतूनच भरलेल्या वेगळ्या वाटीतून येते, आणि मी ती संपवेपर्यंत ती समोरून हलत नाही.