टेस्टची वाटी

९ जानेवारी
अलकाच्या गळ्याला गाठ आलीय, तिच्यात सुई घालून नमुना घेतला. इथल्या लालबागच्या डॉक्टरने तो तपासायला इंदूरला धाडला, म्हणाला, "काकाजी, नुसती टेस्ट आहे, टेन्शन नका घेऊ." नाही घेतलं, असं मी दाखवलं. अलकानेही! सगळ्या संसारात दोघं इतक्या सफाईने खोटं कधी वागलो नव्हतो.

१० जानेवारी
घरात ताकीद दिली — रिपोर्ट येईपर्यंत गाठीचा विषय कोणी काढायचा नाही. माझ्या सोनं गाळायच्या, गलाईच्या दुकानाचाच नियम. सोनं भट्टीत असलं की गिऱ्हाईक विचारणारच, "शेठ, कितना निकलेगा?" मी बोट ओठावर ठेवतो. गाळलेल्या सोन्याचा मणी थंड होईस्तोवर तोंड बंद! दुसऱ्याच्या भट्टीवर फुंकणी मारायचो तेव्हापासून पाळतोय. नाव कमावलं ते यावरच.
निलेशने मान हलवली. पोरगा शहाणा आहे.

११ जानेवारी
खोकला पुन्हा. भट्टीच्या धुराचा — जुना दोस्त.

१२ जानेवारी
नात गायत्री मोबाईल नाचवत आली. "आबा, टेस्ट म्हणजे काय सांगा. एकदम ओरिजिनल अर्थ!"
"परीक्षा."
"गलत! मातीची वाटी! सोनं-चांदी शुद्ध करायची."
मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. जन्मभर जिच्यासमोर मांडी घालून बसलो ती वाटी! आणि तिच्याच नावाला शाळेत घाबरायचो. शाळेतल्या टेस्टने मला नापास केलं, दुकानातल्या टेस्टने घर बांधून दिलं.
गायत्री पुढे वाचत होती, "मूळ लॅटिन. मडकं. त्यावरूनच फ्रेंचमध्ये डोक्याला शब्द आला."
स्वयंपाकघरातून आवाज — "तुझ्या आबांचं तेच आहे. मडकं!"
आज दिवसभरात अलका तेवढंच बोलली. पण बोलली.
मी मात्र वाटीचाच विचार करत बसलो. सोन्यात शिसं घालून तापवलं की वाटी हीण पिऊन घेते. सोनं असतं तेवढंच राहतं. मग इंदूरच्या त्या वाटीला एवढं काय भ्यायचं?

१३ जानेवारी
भ्यायचं असतं! मला कळलं नव्हतं, इतकंच.
दुपारी अलकाने ताट सरकवलं. "रिपोर्ट वाईट आलाय ना? म्हणूनच सगळे गप आहेत ना?"
"अगं, आलाच नाही अजून."
"मग बोलत का नाही? मी काय तुमच्या भट्टीतलं सोनं आहे? मला भीती वाटते हो!"
माझे कान तिखट म्हणतात लोक. खणकन वाजलेल्या नाण्यावरून खोट ओळखतो. आणि बाजूला बसलेल्या बाईची धडधड ऐकू आली नाही!
संध्याकाळी नदीवर, राजघाटावर गेलो, दोघंच. पायऱ्यांवर बसून तिने सगळं काढलं. ऑपरेशन, आवाज गेला तर, "मी नसले तर तुम्ही तिन्ही त्रिकाळ मावा जिलेबी खाल." मी म्हणालो, मलाही झोप नाही. "मग आधी सांगायचं ना!" म्हणाली, आणि हसली.
परतताना विचारलं, "हा खोकला कधीपासून?"
मी बोट ओठावर ठेवलं. तिने धरून खाली ओढलं.

१६ जानेवारी
रिपोर्ट आला. गाठ साधी! घरभर जिलेबी.
अलकाने कागद माझ्यापुढे ठेवला. त्याखाली डॉक्टरची दुसरी चिठ्ठी — माझं नाव, छातीचा फोटो, उद्या सकाळी.
"बोलत बोलत जाऊ," म्हणाली.