धक्क्यावर गाणारी बाई

मी, कासाइ योशितो, वय बावीस, कोएइमारू या ट्यूना बोटीवरचा खलाशी, केसेन्नुमा बंदरातल्या खानावळीत बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे, जेवलेलो आहे, दारूला शिवलेलो नाही आणि कोणी दडपणाने हे लिहवून घेत नाही. उद्या सकाळी दहाला बोट सुटेल ती वर्षभरासाठी. शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली, म्हणून प्रत्येक अवघड शब्द कोशात पाहिला आहे. दोन कागद खाडाखोड झाल्याने फाडले. तरी चूक राहिल्यास ती अज्ञानाची समजावी, कपटाची नव्हे.

कलम पहिले. मला आईवडील नाहीत असे मी बोटीवर सांगत आलो. ते अर्धेच खरे आहे. वडील नाहीत. आई आहे. कासाइ मित्सुए, वय अठ्ठेचाळीस, राहणार शिओगामा, सार्वजनिक न्हाणीघराच्या वरची खोली. माझे जे असेल ते तिचे. मी समुद्रात राहिलो तर पहिला निरोप तिला द्यावा. माझ्या थापेमुळे तो कोणालाच गेला नसता.

हीच बाई नामिकावा रूरी या नावाने गाते. होय, तीच. आपल्या बोटीच्या जेवणघरात जिची कॅसेट झिजेपर्यंत वाजते ती.

कलम दुसरे. टपाल खात्यातली बचत, घड्याळ आणि मासे फाडायचे दोन्ही सुरे आईला. सुरे तिने विकू नयेत. ती कोळ्याची मुलगी आहे, तिला ते चालवता येतात. शब्दकोश आचारी ओनोदेरा यांना, कारण ते फळ्यावर जेवणाचे पदार्थ चुकीचे लिहितात आणि मला ते बघवत नाही.

कलम तिसरे. गाण्यांचे ठेकेदार ताझावा यांना काहीही नाही. आईचे एक गाणे गाजले, पुढची पडली, तेव्हा त्यांनी तिला चमकीचा किमोनो नेसवून मासळीबाजारात बिअरच्या खोक्यावर उभे केले. पुढे ते निघून गेले, खोके तिच्याकडे राहिले. माझ्या शाळेसमोरच्या बाजारातही ती त्यावर उभी राहून गायली. माणसे तिच्या गळपट्टीत नोटा खोचत होती. दुसऱ्या दिवशी वर्गातली मुले माझ्या कॉलरीत कागदाचे कपटे खोचू लागली. "गा की रे, रूरीच्या!" मी शाळेत परत गेलो नाही. मुलांना मी माफ केले आहे. ताझावांना नाही. स्वतःचे अजून ठरत नाही.

कलम चौथे. आई सांगायची की माझ्या जन्माआधी ती ब्राझीलला गेली होती, आमेझॉनकाठी स्थायिक होऊन मिरीचे मळे करणाऱ्या आपल्या जपानी लोकांसमोर गायला. नदीला पूर आला, वस्तीत तापाची साथ पसरली, ताझावा पळाले आणि हिने होडी वल्हवत जाऊन डॉक्टर आणला. मी तिला तोंडावर म्हणालो होतो, "थापा खोक्यावर मार, घरात नको."

गेल्या सफरीत बोट ब्राझीलच्या रेसिफे बंदरात थांबली. तिथल्या जपानी दुकानदाराचे बालपण आमेझॉनकाठी गेलेले. ओनोदेरांच्या हातातल्या कॅसेटवर आईचा तरुणपणचा फोटो पाहून त्याने दुकानच बंद केले. "ही? अहो, ही दोन दिवस होडी हाकत गेली! परत आली तेव्हा तळहाताची सालटी निघालेली आणि डॉक्टर भीतीने पांढराफटक. म्हणतो कसा, 'येता का म्हणून विचारलंही नाही हिने, उचलून होडीत टाकलं.' माझा भाऊ वाचला तिच्यामुळे." त्याने आम्हा सगळ्यांना जेवू घातले. ओनोदेरा म्हणाले, "अशी आई असती तर मी छाती फुगवून फिरलो असतो." मी मान खाली घालून भात खात राहिलो.

कलम पाचवे, लोकरी पोटपट्ट्यांबाबत. गेल्या शुक्रवारी आई खानावळीच्या दारात आली. डोक्याला रुमाल, हातात पिशवी. फोटोतली बाई तिच्यात कोणाला दिसली नसती. आमचे तांडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम, हाताकेयामा सिगारेट ओढत उभे होते.

"कोण रे या बाई?"

मी म्हणालो, "काहीतरी विकायला आल्यात."

आईने माझ्याकडे पाहिलेही नाही. "हो दादा, पोटपट्टे! हाताने विणलेत. समुद्रावर पोट गारठलं की माणूस संपला."

"केवढ्याला?"

"पाचशे येन."

"चारशे."

"चारशेत अर्धंच पोट झाकेल, दादा. आणि तुमचं तर देवाच्या दयेनं..."

तांडेल खो खो हसले आणि त्यांनी एक घेतला. मग ती माझ्याकडे वळली. "या पोराला हवाच एक. काडी झालीय नुसती." मी हजाराची नोट दिली. तिने दोन्ही हातांनी सुटे परत केले, कमरेत वाकली आणि म्हणाली, "जपून जा हं, साहेब."

दोन्ही पट्टे माझ्यासाठी होते. एक धुवायला पडला तर दुसरा. तांडेलांनी पैसे मोजले आहेत, म्हणून त्यांचा त्यांच्याकडेच राहावा. माझा प्रेताबरोबर जावा, प्रेत मिळाल्यास.

कलम सहावे. अशा मृत्युपत्राला कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. तरी मी तांडेल आणि ओनोदेरा यांना खानावळीच्या माडीवरच्या माझ्या खोलीत बोलावले व वरील सर्व वाचून दाखवले. ओनोदेरा भिंतीकडे बघत राहिले. तांडेल म्हणाले, "मेल्यावर कळवणार होतास? मेल्यावर कोणीही शूर असतो. मी सही करत नाही. आधी खाली जाऊन फोन कर."

फोन खानावळीच्या जेवणघरात आहे. बोटीवरचे बाकी सगळे तिथे जेवत होते. मी नाणे टाकले.

"आई, उद्या धक्क्यावर ये."

ती म्हणाली, "खोकं आणू?"

"नको. मला निरोप द्यायला ये."

"फाटकावर घरच्यांनाच सोडतात. कोणाकडची म्हणून विचारतील. काय सांगू?"

मी हळूच सांगितले.

"ऐकू येत नाही रे. तिकडे गलका आहे."

तिला ऐकू आले होते. मी ओरडलो, "योशितोची आई म्हणून सांग! नामिकावा रूरी, योशितोची आई!"

जेवणघरात एकही भांडे वाजेना.

"दहाला ना?" आई म्हणाली. "नऊलाच येते."

हे कलम मृत्युपत्रात बसत नाही हे मला कळते. तांडेल म्हणाले, लिही, नाहीतर सही नाही. लाज गेलेली नाही. कान अजून तापलेले आहेत.

कासाइ योशितो (सही व शिक्का)

साक्षीदार १. हाताकेयामा गेंजिरो, तांडेल. मुलगा शुद्धीवर आहे. सगळे ऐकले.

साक्षीदार २. ओनोदेरा किहेइ, आचारी. मीही ऐकले. सगळ्या जेवणघराने ऐकले.

ठिकाण: केसेन्नुमा
दिनांक: ११ मे, शोवा ५९ (सन १९८४)